आधी गरी ठरवा, काठी शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातले एक गृहस्थ दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात. लहानपणी कृष्णेच्या काठावर वेळूची काठी घेऊन गळ टाकलेला. आता आठ वर्षांच्या लेकीला घेऊन कालव्यावर जायला लागलेत. दुकानातून ‘सगळं एका पिशवीत’ असा संच आणला: आत सरकून मिटणारी काठी, रीळ, त्यावर भरलेला जाड दोरा, पाकीटभर मोठे गळ. तीनदा गेले. दोन मासे लागले आणि दोन्ही सुटले. दोन्ही वेळा गळ माशाबरोबर गेला आणि दोऱ्याचं टोक कुरळं होऊन हातात आलं. ते विचारतात की दोरा कमी पडला का, बारा-पंधरा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाला तुटणारा) घेऊ का, आणि काठी, गळ, गाठ यांतलं नेमकं काय बदलू?

दोरा मुळीच वाढवू नका. तुमचा दोरा तुटलेलाच नाही, गाठ सुटली आहे.

हे मी त्या कुरळ्या टोकावरून सांगतोय. मासा सुटला की टोक नखावर धरून उजेडात बघायची सवय लावून घ्या. टोक खरबरीत, पांढरट दिसलं तर दोरा दगडावर किंवा शिंपल्यावर घासून कापला गेला. टोकाच्या आधीचा इंचभर भाग ताणून बारीक झालेला असेल तर दोऱ्यावर झेपणार नाही इतका जोर आला. आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल-गोल वळलेलं असेल तर गाठीतले वेढे एकेक करून सरकले आणि दोरा नेढ्यातून निसटला. नायलॉन घट्ट आवळलेल्या वेढ्यांतून जोरात ओढला गेला की त्याला कायमची मुरड पडते. तुम्ही लिहिलंय तसं टोक दोन्ही वेळा कुरळंच आलं. पंधरा पौंडी दोरा त्याच गाठीने बांधलात तर आणखी लवकर सुटेल, कारण जाड दोरा जास्त ताठ असतो आणि वेढे नीट बसत नाहीत.

आपल्याकडे सुती किंवा पिळाच्या दोऱ्याला एकावर एक दोन निरगाठी मारल्या की काम भागायचं. सुताला तंतू असतात, ते एकमेकांना धरतात. नायलॉन म्हणजे एकच अखंड, गुळगुळीत तार. त्याला धरायला काहीच नसतं, म्हणून गाठीतले वेढे मोजून घालावे लागतात. शिवाय साधी गाठ नायलॉनला स्वतःवरच कापते. दोऱ्यात मधेच नकळत पडलेली एक साधी गाठसुद्धा त्याची ताकद निम्म्याच्या आसपास आणते.

गाठींकडे सविस्तर येतोच. पण सामानाबद्दल विचारलंय, तर त्याचा क्रम आधी सांगतो, कारण बहुतेक नवखी माणसं तो उलटा धरतात. दुकानात गेलं की पहिली नजर काठीवर जाते. मग काठीला शोभेल असं रीळ, रिळात मावेल तो दोरा, आणि उरलेल्या पैशांत गऱ्यांचं पाकीट. माशाच्या तोंडात मात्र यातली फक्त गरी जाते. (आमच्या रत्नागिरीकडे लोखंडी आकड्याला गरी म्हणतात आणि गळ टाकायला जाणं म्हणजे गरवायला जाणं. पुढे गरीच लिहितो, म्हणजे गळ म्हणजे आकडा की पूर्ण दोरा असा घोळ राहणार नाही.) म्हणून सुरुवात आमिषापासून करा. आमिषावरून गरी ठरते, गरीवरून तिच्या वरचा दोरा, त्यावरून मुख्य दोरा, त्यावरून वजनं आणि फ्लोट (पाण्यावर तरंगणारी, मासा लागला की बुडणारी खूण), आणि हे सगळं नीट फेकू आणि सांभाळू शकेल अशी काठी सगळ्यात शेवटी.

तुमच्या कालव्यात आणि आसपासच्या तळ्यांत काय आहे? लाल डोळ्यांचा, चांदीसारखा रोच. चपटा, चिकट अंगाचा ब्रीम. पट्टेरी, पाठीवर काटे उभारणारा पर्च. तळ्यांत हिरवट अंगाचा, इवल्या लाल डोळ्यांचा टेंच आणि कार्प. सॅमन-ट्राऊट सोडून गोड्या पाण्यातल्या या सगळ्या गोतावळ्याला इथे ‘कोर्स फिश’ म्हणतात. पर्च वेगळा, पण रोच, ब्रीम, टेंच, कार्प हे आपल्या रोहू, कटला, मृगळाच्याच कुळातले आहेत. या कुळाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. ओठ मऊ आणि मांसल असतात, आणि आमिष उचलताना ते चोखल्यासारखं आत ओढतात. तोंडात टोचणारं, जड काही लागलं की तितक्याच झटकन बाहेर थुंकतात. तुमच्या संचातल्या मोठ्या गऱ्या म्हणूनच निरुपयोगी आहेत. दोन मासे लागले हेच मला विशेष वाटतं.

गरीचे नंबर उलटे चालतात: आकडा मोठा, गरी लहान. एक मॅगट, म्हणजे माशीची अळी, लावायची असेल तर १८ नंबर. दोन मॅगटना १६. मक्याच्या एका दाण्याला १४ किंवा १२. गांडुळाला १२ ते १०. ब्रेडच्या मऊ पाकळीला १० किंवा ८. आमिष गरीच्या वाकात नीट बसलं पाहिजे आणि टोक उघडं राहिलं पाहिजे, ही एकच कसोटी लावा. मक्याच्या दाण्यात टोक पूर्ण बुडालं तर मासा लागणार नाही. उलटकाट, म्हणजे टोकामागचा उलटा बारीक काटा, नसलेली गरीच घ्या, पाकिटावर ‘बार्बलेस’ लिहिलेलं असतं. इथल्या बऱ्याच पाण्यांवर तसा नियमच आहे. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं: मासा परत सोडायचा आहे, आणि कधीतरी ती गरी लेकीच्या बोटातही शिरणार आहे. उलटकाट नसेल तर ती आली तशी निघते.

गरीच्या वरचा वीत-दीड वीत दोरा वेगळा आणि मुख्य दोऱ्यापेक्षा कमकुवत हवा. या तुकड्याला इथे ‘हुकलेंग्थ’ म्हणतात. आपल्याकडे ही पद्धत फारशी नाही. गरी थेट मुख्य दोऱ्यालाच बांधतात. मीही पहिल्या उन्हाळ्यात तेच केलं होतं. रिळापासून गरीपर्यंत एकच दहा पौंडी दोरा. एका तळ्यावर संध्याकाळी टेंच लागला, लव्हाळ्यात घुसला, मी काठी धरून मागे ओढत राहिलो, आणि दोरा तुटला तो फ्लोटच्या वर. त्यानंतर अंधार पडेपर्यंत माझा केशरी टोकाचा फ्लोट लव्हाळ्याच्या कडेने फिरताना दिसत होता. थांबायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. खाली तो मासा होता, तोंडात उलटकाट असलेली गरी आणि मागे दोन मीटर दोरा. मला काही करता येत नव्हतं. शेजारी बसलेले एक म्हातारे रेल्वेवाले बराच वेळ बघत होते. त्यांनी शेवटी माझ्या हातात तीन पौंडी दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि म्हणाले, तुटायचं असेल तर कुठे तुटायचं हे तू ठरवायचं, माशाने नाही. तेव्हापासून मुख्य दोरा हुकलेंग्थपेक्षा कमकुवत, असं माझ्याकडून एकदाही झालेलं नाही.

तुमच्यासाठी आकडे सांगतो. कालव्यावर रोच-पर्चसाठी मुख्य दोरा चार पौंडी, हुकलेंग्थ अडीच किंवा तीन पौंडी. कार्प असलेल्या तळ्यावर मुख्य सहा ते आठ, हुकलेंग्थ एक-दोन पौंडांनी कमी. चार पौंड म्हणजे जेमतेम १.८ किलो. मग तीन किलोचा मासा कसा येईल, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. विहिरीतून बादली शेंदताना आठवा. बादली पाण्याखाली असेपर्यंत हाताला जवळजवळ वजनच लागत नाही, पाण्याबाहेर आली की रहाट कुरकुरतो. माशाचंही तसंच आहे. पाण्यात त्याचं वजन तोललेलं असतं, तुम्हाला लागतो तो फक्त त्याचा पळण्याचा जोर. तो जोर वाकणारी काठी आणि सुटणारं रीळ पिऊन टाकतात. पाण्याबाहेर मात्र दोऱ्याने उचलायचं नाही. तिथे जाळी लागते. तुमच्या यादीत जाळीचा उल्लेख नाही. नवी काठी घेण्याआधी ती घ्या: लांब दांड्याची, मऊ, बिनगाठीच्या विणीची.

रिळावरचा क्लच, म्हणजे दोरा सुटायचा ब्रेक, असा लावा की हाताने ओढल्यावर दोरा तुटायच्या बराच आधी रीळ घरघरून सुटेल. तुमचं रीळ ठीक असेल, त्यावरचा दोरा टाकून द्या आणि चार पौंडी भरा. भरताना दोरा ओल्या फडक्यातून जाऊ द्या आणि काठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबा. कमी भरलात तर फेक लांब जात नाही, जास्त भरलात तर वेटोळी एकदम बाहेर पडून गुंता होतो.

वजनांबद्दल एक गोष्ट कायद्याची आहे. गावाहून येताना शिशाच्या गोळ्या आणू नका. १९८७ सालापासून इथे ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं मासेमारीला वापरायला बंदी आहे. नद्या-कालव्यांवरचे हंस दाणे दळायला खडे गिळतात, त्यांबरोबर तळाच्या शिशाच्या गोळ्या गिळत आणि विषबाधेने मरत. आता दुकानात मिळतात त्या दुसऱ्या, बिनविषारी धातूच्या. त्यांचे आकार एएए (साधारण ०.८ ग्रॅम), बीबी (०.४ ग्रॅम), मग ४, ६, ८, १० नंबर असे उतरत जातात. ८ नंबरची गोळी म्हणजे ०.०६ ग्रॅम. गोळ्या दातांनी दाबायच्या नाहीत. बोटांनी बसत नसतील तर छोटा चिमटा वापरा.

फ्लोटबद्दल तुम्हाला आनंद होईल. इथला सर्वांत लाडका फ्लोट ‘वॅगलर’, आणि तो परंपरेने मोराच्या पिसाच्या देठाचा बनवतात. आपल्याकडे पोरं जोंधळ्याच्या धाटाचा तुकडा नाहीतर पिसाचा देठ बांधायची, तेच तत्त्व. फरक एवढाच की वॅगलर फक्त खालच्या टोकाने दोऱ्याला जोडतात, म्हणजे दोरा पाण्याखाली बुडवता येतो आणि वारा त्याला ओढून नेत नाही. फेकल्यावर काठीचं टोक पाण्यात खुपसा, रिळाचे दोन-तीन वेढे झटकन घ्या, दोरा बुडेल. त्याच्या बुडाशी लिहिलेला आकडा, समजा ‘३ एएए’, म्हणजे तो किती वजन पेलतो. हे सगळं वजन खाली लोंबवायचं नाही. दोन एएए आणि एक बीबी फ्लोटच्या दोन्ही बाजूंना चिकटवा. त्यांनीच तो जागी राहतो आणि फेकायला वजनही मिळतं. साधारण ०.४ ग्रॅम उरतं, म्हणजे ८ नंबरच्या सहा गोळ्या. त्या खालच्या दोऱ्यावर अंतराअंतराने लावा, शेवटची गरीपासून वीतभर वर. पाण्यावर फक्त टोक दिसलं पाहिजे, नखाएवढं. आपल्या सवयीने अर्धा फ्लोट वर तरंगत ठेवलात तर रोच आमिष चोखून थुंकूनही जाईल आणि फ्लोट हलणारसुद्धा नाही. आमिष टाकण्याआधी गरीला खोली मोजायचं वजन अडकवून तळ मोजा. रोच बहुधा तळाला लागून खातो, आणि वीतभर वर टाकलेलं आमिष त्याच्या डोक्यावरून जातं.

आता काठी. वॅगलरसाठी इथे तेरा फुटी काठी प्रमाण मानतात. कालव्याच्या काठावर झाडं असतात, तिथे अकरा फूट पुरेल. तुमची आत मिटणारी काठी मासा लागला की एका सांध्यापाशी कोन करून वाकते, कमानीसारखी वाकत नाही, म्हणून बारीक दोऱ्याला झटके बसतात. ती बाजूला ठेवा. तीन तुकड्यांची, मऊ टोकाची, जुनी का होईना पण वॅगलरची काठी घ्या. काठी चांगली की वाईट हे दुकानातच कळतं. टोकाला दोरा बांधून मित्राला हळू ओढायला सांगा आणि बाजूने कमान बघा.

लेकीला मात्र रीळ देऊ नका. तिच्यासाठी तीन-चार मीटरची ‘व्हिप’ घ्या. ही बिनरिळाची, हलकी, टोकाला दोरा बांधायची काठी, म्हणजे तुमच्या कृष्णाकाठच्या वेळूच्या काठीची कार्बनमधली बहीण. दोरा काठीपेक्षा थोडा आखूड ठेवला की गरी आपोआप हातात येते. आठ वर्षांच्या मुलाला रीळ सांभाळणं, फेकणं आणि फ्लोटकडे बघणं तिन्ही एकदम जमत नाही आणि तासाभरात कंटाळा येतो. व्हिपने पहिल्या दहा मिनिटांत तिला मासा लागेल. फक्त वर बघा. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांपासून तीस मीटरच्या आत काठी उभी करायची नाही, चालतानाही नाही.

गाठी तीनच शिका, पण अंधारात बांधता येतील इतक्या पक्क्या. घरी जेवणाच्या टेबलावर बसून आधी पायजम्याच्या नाडीने आणि कपाच्या कानाने सराव करा, कारण चार पौंडी दोऱ्यावर काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही.

पहिली, नेढ्याच्या गरीसाठी. इंग्रजीत तिला ‘ग्रिनर’ म्हणतात, काही जण ‘युनी’. वीतभर टोक नेढ्यातून ओवून बाहेर काढा आणि मूळ दोऱ्याला समांतर मागे आणा. आता दोन दोरे शेजारी-शेजारी आहेत. टोक परत गरीच्या दिशेने वळवा, म्हणजे त्या दोन दोऱ्यांच्या बाजूला एक मोठा फेरा तयार होईल. डाव्या हाताच्या चिमटीत तो फेरा आणि दोन्ही दोरे एकत्र धरा. टोक फेऱ्यातून आत घालून दोन्ही दोऱ्यांभोवती गुंडाळत न्या: पाच वेळा, बारीक दोरा असेल तर सहा. आता फक्त टोक हळू ओढा. वेढे एकमेकांजवळ सरकून एक लहानसं पिंप तयार होतं. ते अजून नेढ्यापासून दूर आहे, तसंच राहू द्या. इथे थांबून थुंकी लावा. हे वगळू नका. कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो, आणि तापलेला दोरा कमजोर होतो. गाठ डोळ्यांना सुंदर दिसते आणि पहिल्या झटक्याला तुटते. ओली केल्यावर मूळ दोरा ओढा, पिंप सरकत जाऊन नेढ्यावर बसेल. शेवटी एकदा टोक आणि दोरा दोन्ही आवळा. टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा, अगदी गाठीला लागून नाही.

नीट बसलेल्या गाठीत वेढे स्प्रिंगसारखे ओळीत, एकावर एक न चढता दिसतात. एक जरी वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर कापा आणि पुन्हा बांधा. मी आजही चारातली एक गाठ कापून टाकतो.

दुकानदार तुम्हाला ‘हाफ ब्लड’ शिकवतील. नेढ्यातून टोक घालून मूळ दोऱ्याभोवती पीळ द्यायचा आणि नेढ्याजवळच्या फटीतून टोक काढायचं. पोरांनाही चटकन जमते, म्हणून सगळे तीच बांधतात. वेढे कमी पडले किंवा टोक पुन्हा खोवायचं राहिलं तर ती सरकते, आणि तुमचं कुरळं टोक बहुधा तिच्यासारख्याच गाठीतून आलंय. मी ती सोडून पंधरा वर्षं झाली.

दुसरी, ‘पालोमार’. ही लेकीला शिकवा. दोरा दुहेरी करून तो फेरा नेढ्यातून घाला. गरी मधे लोंबती ठेवून त्या दुहेरी दोऱ्याची एक साधी, सैल गाठ मारा. आता टोकाचा फेरा पूर्ण गरीवरून पलीकडे काढा, ओलं करा आणि ओढा. वेढे मोजायचे नाहीत, त्यामुळे चुकायला जागा कमी. नेढं मात्र दुहेरी दोरा जाईल एवढं हवं. १८ नंबरच्या गरीला ते बहुधा जमत नाही.

तिसरी, हुकलेंग्थ मुख्य दोऱ्याला जोडण्यासाठी. दोन्हीकडे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फास बांधायचा. (इंग्रजीच, आपल्या ८ ने फसाल. एकावर एक दोन गोल डोळ्यांसमोर आणा.) टोकाकडचा वीतभर दोरा दुमडा. साधी गाठ मारताना दुमडलेला फेरा मागून वळवून लगेच भोकात घालतो. इथे भोकात घालण्याआधी आणखी अर्धा वळसा घ्या, मग घाला. ओलं करून आवळा. या अर्ध्या जास्त वळशामुळे दोरा स्वतःला कापत नाही. आता हुकलेंग्थचा फास मुख्य दोऱ्याच्या फासावर चढवा, आणि गरी मुख्य दोऱ्याच्या फासातून आरपार काढून ओढा. दोन्ही फास एकमेकांत हात गुंफल्यासारखे सरळ बसले पाहिजेत. एक फास दुसऱ्याच्या मानेभोवती आवळला गेला असेल तर तिथेच तुटेल. सोडवून पुन्हा करा.

बारीक गऱ्यांना बऱ्याचदा नेढंच नसतं, शेपटी नुसती ठोकून चपटी केलेली असते. त्या हातात धरून दोरा गुंडाळणं सुरुवातीला फार त्रासाचं आहे. तयार बांधलेल्या, वीतभर दोऱ्यासकट पाकिटात मिळणाऱ्या घ्या. वापरताना एकच बघा: दोरा चपट्या शेपटीच्या आतल्या, म्हणजे टोकाकडच्या बाजूने निघतोय ना. मागच्या बाजूने निघत असेल तर ओढल्यावर गरीचा कोन उलटा होतो आणि टोक ओठाला लागतच नाही. मक्याचा दाणा गरीच्या बाहेर, केसासारख्या तंतूवर लोंबवायची बिनगाठीची बांधणीही इथे सर्रास चालते. ती कार्पसाठी, पुढच्या वर्षी शिका.

गाठ बांधली की तपासा. गरी लाकडी पट्टीत किंवा जाळीच्या कडीत अडकवा, हाताला रुमाल गुंडाळा आणि हळूहळू ताण वाढवा. झटका द्यायचा नाही. घरात भाजी तोलायचा ताणकाटा असेल तर आणखी चांगलं. तीन पौंडी दोऱ्यावरची चांगली गाठ एक किलोच्या पुढे तग धरते. मी मुलांना शिकवतो तेव्हा तीन गाठी बांधायला लावतो आणि त्या तिन्ही तोडायला लावतो. कोणती कुठे तुटली हे बघितल्यावर जे कळतं ते चित्र बघून कळत नाही.

परवान्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. तेरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, तेरा ते सोळा वयाच्यांना फुकट मिळतो पण काढावा लागतो, आणि तुम्हाला स्वतःला एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा रॉड लायसन्स हवाच. तो घेतला म्हणजे कुठेही बसता येतं असं नाही. त्या पाण्याच्या मालकाचं किंवा क्लबचं तिकीट वेगळं. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून, दोन्ही दिवस धरून, हा मासे अंडी घालण्याचा काळ बंद असतो, आणि १६ जूनला हंगाम उघडतो. बहुतेक कालवे आणि तळी या बंदीतून सुटलेली आहेत, पण लेस्टरला सोअर नदी आणि कालवा काही ठिकाणी एकच होतात, तेव्हा तुम्ही बसता तो तुकडा नदीत मोडतो की कालव्यात हे क्लबला विचारून घ्या. मासे घरी न्यायची सवय इथे सोडावी लागेल. जवळजवळ सगळ्या क्लबांवर मासा परत सोडायचा असतो.

सोडताना हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. मासा गवतावर किंवा सिमेंटवर ठेवू नका, ओल्या चटईवर ठेवा. गरी खोल गेली असेल तर बोट घालायचं नाही. ‘डिसगॉर्जर’ नावाची खाचेची काडी मिळते. दोरा ताणून त्या खाचेत घ्या, काडी दोऱ्यावरून गरीपर्यंत सरकवा आणि जरा पुढे दाबा, उलटकाट नसलेली गरी सुटून येते. ही काडी दोऱ्याने गळ्यात अडकवून ठेवा. खिशात ठेवलीत तर गरजेच्या वेळी सापडणार नाही.

तेव्हा या शनिवारी जाण्याआधी एवढंच आणा: १४, १६ आणि १८ नंबरच्या बार्बलेस तयार बांधलेल्या गऱ्या, चार पौंडी दोरा, ३ एएए चे दोन वॅगलर, बिनविषारी गोळ्यांची डबी, जाळी, ती काडी आणि लेकीची व्हिप. आमिषाला मक्याचा डबा आणि पावशेर मॅगट पुरे. तिथे बसल्यावर दर मासा काढल्यानंतर गरीच्या वरचा वीतभर दोरा अंगठा आणि तर्जनीमधून ओढून बघा. कुठे खरखर लागली, किंवा गाठीपाशी पांढरी रेघ दिसली, तर तो तुकडा काढा, दुसरी हुकलेंग्थ अडकवा, आणि काढलेला दोरा बारीक कापून खिशात टाका. काठावर राहिलेल्या दोऱ्यात पाणकोंबड्यांचे पाय अडकतात.